विकावयाचे घर

राहण्यासाठी बांधलेल्या घराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विकण्यासाठी दुरुस्त केलेल्या घराविषयी लिहिलेले आमच्या फारसे वाचनात नाही. कारण उघड आहे. राहत्या घराशी माणसाचे ममत्व जडते, विकावयाच्या घराशी जडतो तो केवळ हिशेब. परंतु नीतीचा प्रश्न ममतेपेक्षा हिशेबातच अधिक अवघड होऊन समोर येतो, हे आम्हांस निशातगंजच्या एका जुन्या घराने शिकविले. बदलीच्या गावी घर घेण्याचा मोह ज्यांस कधी झाला असेल, त्या वाचकांस यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

निशातगंज ही लखनौतली, गोमतीच्या उत्तर तीरावरची वस्ती. पूल ओलांडला की बाजार, आणि बाजाराच्या मागे क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. अशाच एका गल्लीत आम्ही एक जुने, पडीक झालेले घर घेतले. बेत साधा होता. चार महिन्यांत डागडुजी आणि रंगसफेती उरकावयाची, बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वी घर विकावयाचे, आणि उरलेल्या नफ्यातून साताऱ्याच्या घरावरचे कर्ज फेडावयाचे. बँकेचे व्याज चालूच होते. त्यामुळे प्रत्येक दिवसाला किंमत होती, आणि ती आम्हांस तोंडपाठ होती.

ठेकेदार गृहस्थ अत्यंत अदबशीर होते. “साहब, कल हो जाएगा,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. आपल्या मराठीत काल आणि उद्या हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. हिंदीने दोहोंचे काम एकट्या ‘कल’वर सोपविले आहे. व्याकरणात क्रियापदावरून अर्थ कळतो, बांधकामात मात्र कळत नाही. कालचे उद्यावर गेले, उद्याचे परवावर. सुतार आला तर लाकूड नव्हते, लाकूड आले तर सुतार गोंड्याला लग्नास गेलेला. चार महिन्यांचे सहा झाले, आणि परांचीवर एकच गवंडी बसलेला पाहून आम्ही रोज संतापाने घरी परतू लागलो. या माणसास दिल्या शब्दाची चाडच नाही, असा निवाडा आम्ही मनाशी देऊन टाकला.

निवाडा देणे सोपे असते. पुरावा तपासणे कष्टाचे. एके दिवशी चहा घेताना ठेकेदारांनी सहज सांगितले की, त्यांची एकाच वेळी चार ठिकाणी कामे चालू असतात. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, चौघांपैकी वेळेवर पैसे देणारा एखादाच असतो. एकाच घरावर विसंबलो तर शनिवारी मजुरांस काय देऊ? म्हणून माणसे वाटून द्यावी लागतात, आणि माणसे वाटली की प्रत्येक घर रेंगाळते. हे ऐकताना आम्हांस स्मरले की, दुसऱ्या हप्त्याचे पैसे आम्हीच अकरा दिवस अडकवून ठेवले होते. काम मागे पडल्याची शिक्षा म्हणून. काम मागे पडले म्हणून पैसे अडले, आणि पैसे अडले म्हणून काम आणखी मागे पडले. कचेरीत ज्यांनी कंत्राटदारांची बिले शेऱ्यावर शेरे मारून परत धाडली असतील, त्यांस या चक्राची गती समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय सगळाच विलंब अप्रामाणिक नसतो. सिमेंटच्या गिलाव्यास निदान सात दिवस पाणी मारावे लागते. चुन्याची कामे त्याहून सावकाश पिकतात. पिके काढणीस आली की मजूर गावी जाणारच. आणि लखनौने तर एके काळी विलंबास जवळजवळ पुण्याचा दर्जा दिला. १७८४च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने लोकांस काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला. दिवसा सामान्यांनी बांधलेले रात्री खानदानी पण अन्नास महाग झालेले लोक अंधारात पाडीत, म्हणजे त्यांसही तोंड न दाखविता मजुरी मिळे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातला विचार खरा आहे. एकाचा विलंब ही कित्येकदा दुसऱ्याची भाकरी असते. ठेकेदारांनी आमच्या परांचीवरचे दोन गवंडी दुसऱ्या घरी नेले, तेव्हा कोणाची तरी चूल त्यावर पेटली असेल. अर्थात म्हणून खोटा वायदा खरा ठरत नाही. तीन आठवडे लागतील हे ठाऊक असताना ‘कल’ म्हणणे हे असत्यच.

१८७२च्या कराराच्या कायद्यात कलम ५५ याच गोष्टीविषयी आहे. वेळ हा कराराचा प्राण असेल आणि ती चुकली, तर दुसऱ्या पक्षास करार मोडता येतो. परंतु त्याने उशिराचे काम स्वीकारले आणि स्वीकारतेवेळी भरपाईचा हक्क राखल्याचे कळविले नाही, तर मागाहून त्या विलंबाची भरपाई मागता येत नाही. हे कलम आम्ही ठेकेदारांस ऐकविण्याच्या तयारीत होतो. इतक्यात भिंतीने आम्हांस दुसऱ्याच कलमाशी आणून उभे केले.

मागच्या खोलीच्या भिंतीस कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. गल्लीचा रस्ता दर दुरुस्तीगणिक उंच होत गेला, घराचे जोते त्याच्या खाली राहिले, आणि पायातली ओल विटांतून वर चढत गेली. खरा उपाय लांबलचक होता. जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत खरवडून काढावयाचा, सांधे मोकळे करून भिंत काही आठवडे सुकू द्यावयाची, जोत्याशी ओलरोधक थर घालावयाचा आणि मग चुन्याचा गिलावा करावयाचा. खर्च बराच, आणि वेळ दोन महिन्यांहून कमी नाही. ठेकेदारांनी आमचा चेहरा पाहिला आणि हलक्या आवाजात दुसरा मार्ग सुचविला. वरून सिमेंटचा जाड गिलावा आणि रंगाचे दोन हात. काम चार दिवसांचे. “साहब, दो बरसात निकाल देगा। तब तक तो आप बेच चुके होंगे।”

आम्ही त्या क्षणी नाही म्हटले नाही. ‘पाहू’ म्हटले. हे नमूद केल्यावाचून पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहा महिने ज्यांस आम्ही खोटे बोलतात म्हणून दोष देत होतो, त्यांनी आता आमच्या फायद्याचे एक खोटे आमच्यापुढे ठेवले होते, आणि या वेळी आम्हांस त्यांचा राग आला नव्हता.

हा प्रश्न नवा नाही. रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पूर्व ४४मध्ये कर्तव्याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमके असेच घर आहे. ते रोगट आहे, त्याचे लाकूड कुजके आहे, आणि हे धन्यावाचून कोणास ठाऊक नाही. घेणाऱ्यास सांगावे की न सांगावे? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. घेण्याची सक्ती तर कोणी केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्यास चुकू देणे हे वाटसरूस वाट न दाखविण्याहूनही वाईट. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. आपल्या लाभासाठी, ज्यास कळावयास हवे त्यास कळू न देणे, हेच लपविणे, असे तो मानतो. आणि आपल्याकडे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात, योगायोगाने तेथेही कलम ५५च, हाच कौल आढळतो. विकणाऱ्यास ठाऊक असलेला, आणि घेणाऱ्याच्या साधारण दक्षतेने ध्यानात न येणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट समजले जाते. एक कलम आम्ही दुसऱ्यासाठी काढून ठेवले होते. त्याच आकड्याचे दुसरे आमच्यासाठी निघाले.

तिथीचे खोटे आणि भिंतीचे खोटे यांत मोठे कोणते? तिथीचे खोटे दुसऱ्याच दिवशी उघडे पडते. बोलणारा समोर असतो. त्यास रागवता येते, त्याचे पैसे अडविता येतात. भिंतीचे खोटे उघडे पडते ते दोन पावसाळ्यांनंतर, आणि तोवर बोलणारा झाशीस, दिल्लीस अथवा निवृत्त होऊन साताऱ्यास पोचलेला असतो. ठेकेदार त्याच निशातगंजात राहणार होते. उद्याही त्यांस लोकांस तोंड दाखवावयाचे होते. नामानिराळे होण्याची सोय होती ती आम्हांस. येथे हा प्रश्न केवळ घराचा राहत नाही. आम्ही बदलीची माणसे. आमच्या सहीचे पूल, रस्ते, निकाल आम्ही मागे ठेवून जातो, आणि त्यांची ओल वर येते तेव्हा खुर्चीत दुसराच कोणी बसलेला असतो. परिणामांपूर्वी निघून जाता येणे ही एक प्रकारची सत्ता आहे. जो राहणार आहे त्यास शेजाऱ्यांचा धाक तरी असतो. जो जाणार आहे त्यास स्वतःवाचून दुसरा पहारेकरी नाही. म्हणून जाणाऱ्याचे कर्तव्य राहणाऱ्यापेक्षा कमी नव्हे, अधिकच आहे, असे आम्हांस वाटते.

अखेर गिलावा खरवडला. थकलेले पैसे आम्ही त्याच आठवड्यात चुकते केले आणि ठेकेदारांस म्हटले, “ठेकेदारसाहेब, अब कल मत कहिए, जितने दिन लगेंगे, उतने बताइए।” ते थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सत्तर दिन।” पंच्याहत्तर लागले. घर घेण्यास आलेले निवृत्त शिक्षक होते. विसार घेण्यापूर्वी आम्ही त्यांस भिंतीची हकीकत सांगितली, आणि रस्ता पुन्हा उंचावला तर ओल पुन्हा येऊ शकेल हेही सांगितले. त्यांनी किंमत उतरविली, आणि आम्ही ती मान्य केली. नफ्याचा मोठा वाटा व्याजाने नेला. साताऱ्याचे कर्ज अद्याप पुरते फिटलेले नाही.

यात आम्ही काही मोठे केले असे नाही. ‘पाहू’ म्हणून जे दोन दिवस काढले, त्यांचा हिशेब अजून आमच्या खाती उरला आहे. कारण त्या दोन दिवसांत आम्ही भिंतीचा विचार करीत नव्हतो, बदलीच्या हुकुमाची वाट पाहत होतो.