आकडा कोणाचा?

लातूर जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचे डोके सकाळी उठताच दुखू लागले. आडवे झाल्यावर कवटीतील दाब वाढतो, म्हणून असे दुखणे पहाटे अधिक जाणवते; घरच्यांनी मात्र दोष उन्हाला दिला. किल्लारी परिसरात १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसलेल्या हादऱ्यांनाही लोक असेच सरावले होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. (लातूरकडे कोणतेही बोलणे अखेर तेथवर जातेच, वाचकांनी क्षमा करावी.)

निदान झाले ते मेंदूतील ग्लिओब्लास्टोमाचे. मुलगा नांदेडला संगणकशास्त्र शिकतो. काही आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या दोन एमआरआय चित्रांवरून त्याने गाठीच्या वाढीचे गणित मांडले आणि एका संध्याकाळी तो कागद आमच्यापुढे ठेवला. पेशी किती वेगाने दुणावतात आणि किती वेगाने आजूबाजूला पसरतात, या दोन राशींवर हे गणित उभे असते. त्याचे मूळ समीकरण फिशर यांनी १९३७ साली मांडले, तेही लाभदायक जनुके समाजात कशी पसरतात हे सांगण्यासाठी! दुसरा भाग दाबाचा. कवटी म्हणजे न ताणणारी पेटी. तिच्यातील सुमारे दीड लिटर जागेत मेंदू, रक्त आणि मेंदूजल दाटीने नांदतात. गाठ वाढू लागली की प्रथम मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांतील रक्त कमी होते आणि दाब फारसा हलत नाही. ही सवलत संपली की थोड्याशा वाढीनेही तो झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढात हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरांत असतो. मुलाच्या कागदावरील रेघ जेथे उभी चढत होती, तेथे त्याने एक महिना लिहिला होता.

“फादर, हे अण्णांना सांगू का?”

बोएथियसने इ.स. ५२४च्या सुमारास, तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असताना, असा युक्तिवाद केला की ईश्वराला भविष्य दिसते म्हणून ते अटळ ठरत नाही. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. परंतु ईश्वर पाहतो; गणित केवळ आजची रेघ उद्यापर्यंत ओढते. किरणोपचाराने गाठ किती आवरेल, हे त्या दोन चित्रांत नव्हतेच. तेव्हा त्या महिन्याला भविष्यवाणीचा मान देणे आम्हांला मान्य नाही.

म्हणून तो लपवावा काय? आमच्याकडे रोग्यापासून रोगाचे नाव चोरून ठेवण्यास माया म्हणतात. आम्हीही त्या मायेत सामील झालो आहोत. “साधा ताप आहे” असे सांगितलेल्या माणसांना आम्ही अंत्यसमयीचे तैल लावले आहे, आणि त्यांच्या डोळ्यांतील प्रश्नाकडे पाहण्याचे टाळले आहे. ज्या आकड्यासाठी त्या माणसाचेच मस्तक मोजले गेले, तो आकडा प्रथम त्याचा. मात्र जाणण्याचा हक्क म्हणजे ऐकण्याची सक्ती नव्हे. आम्ही मुलाला म्हणालो, “महिना सांगू नकोस. काय जाणून घ्यायचे आहे, ते त्यांनाच विचार.”

त्याने विचारले. आम्ही तेथेच होतो. अण्णा बराच वेळ शिवाराकडे पाहत राहिले.

“आवंदा सोयाबीनची रास बघतो का न्हाई, तेवढं सांग.”

मुलाने कागद खिशातून काढला नाही. “बघाल, अण्णा,” तो म्हणाला. “तूर सांगता यायची नाही.”

अण्णांनी मान हलवली आणि वाटणीचे कागद कोठे ठेवले आहेत ते सांगू लागले.