कोऱ्या रकान्याची साक्ष

पावसाच्या नोंदवहीत शून्य लिहिलेला दिवस आणि कोरा राहिलेला दिवस दुरून पाहणाऱ्याला सारखेच भासतात. थेंब दोन्हीकडे दिसत नाही. परंतु शून्य ही कुणीतरी पाहून दिलेली साक्ष असते आणि कोरा रकाना ही साक्षीदाराची अनुपस्थिती. सकाळी साडेआठच्या सुमारास कुणी पर्जन्यमापकापाशी गेले, नरसाळे उचलले, आतले पात्र कोरडे असल्याचे पाहिले आणि मग वहीत शून्य मांडले, एवढा सारा मनुष्यव्यवहार त्या एका चिन्हात सामावलेला असतो. कोऱ्या रकान्याच्या पाठीशी यातले काहीच नसते. तरीही संगणकाच्या भाषेत या दोहोंना एकमेकांच्या जागी बसवायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहिण्यापूर्वी आपण किती थोडा वेळ थांबतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

हा प्रश्न घोटीत जितका जिवंत होतो तितका क्वचित कुठे होत असेल. थळघाट चढून, इगतपुरी ओलांडून आले की लागणारे हे भाताच्या बाजाराचे आणि गिरण्यांचे गाव. दक्षिणेला कळसूबाईची रांग, भोवती खाचरे. इगतपुरीच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस इथून पूर्वेला, सिन्नरच्या दिशेने, झपाट्याने आटत जातो. अशा उतारावरच्या गावाचा पाऊस शेजाऱ्यावरून ओळखता येत नाही. पायथनमध्ये ज्या रचनेला डिक्शनरी म्हणतात तिच्यात हा पाऊस मांडला, तर तारीख ही ‘की’ होते आणि त्या दिवसाचे मिलिमीटर ही तिची ‘व्हॅल्यू’. या रचनेत नसण्याचेही दोन प्रकार संभवतात: कधी तारखेपुढे मूल्य नसल्याची खूण म्हणून ‘नन’ असते, तर कधी मुळात तारीखच नसते. मूल्य मागणाऱ्या ‘गेट’ या क्रियेला पर्याय म्हणून शून्य देऊन मूल्य मागितले, तर ते शून्य फक्त दुसऱ्या प्रकारात हाती येते, तारीख असून मूल्य नसेल, तर ‘नन’ तसेच परत येते. म्हणजे यंत्र हा भेद जाणते. तो पुसतो आपणच, साऱ्या रिकामपणावर सरसकट शून्य फिरवून, कारण पुढे बेरीज करायची असते आणि ‘नन’ची बेरीज होत नाही.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 साली ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेत ‘नल’, म्हणजे कशाकडेच निर्देश न करणारा, संदर्भ आणला तो अमलात आणायला सोपा होता म्हणून, आणि 2009 साली आपल्या त्या निर्णयाला त्यांनी अब्ज डॉलरची चूक म्हटले. त्या ‘नल’पायी असंख्य प्रोग्रॅम कोसळले, हे खरेच. पण मला न कोसळणाऱ्या प्रोग्रॅमची चिंता अधिक वाटते. ‘नन’ला अडखळून थांबणारी बेरीज निदान काहीतरी हाती नाही असे सांगते, शून्य भरलेली बेरीज शांतपणे पुढे जाते आणि जे घडलेच नाही त्याची ग्वाही देते. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की ती अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसानीच्या मदतीचा विचार तिथून सुरू होतो. कापणीच्या तोंडावर, ऑक्टोबरातल्या एखाद्या वादळी रात्री वीज गेली, पाऊस मोजणारे यंत्र बंद पडले, आणि त्या कोऱ्या दिवसावर कुणी शून्य बसवले, तर आडव्या झालेल्या भातासमोर उभा असलेला शेतकरी कागदावर कोरड्या दिवसाचा धनी ठरतो. यंत्रे बंद पडतात तीही बहुधा अशाच रात्री. डॉनल्ड रूबिन यांनी 1976 साली संख्याशास्त्रात जो मूलगामी प्रश्न मांडला तो हाच: मूल्य का हरवले, आणि त्या हरवण्याचा स्वतः मूल्याशी काही संबंध आहे काय?

आपल्या दर्शनकारांनी या प्रांतात फार पूर्वी पाऊल टाकले होते. अभाव हाही ज्ञानाचा विषय आहे, त्यालाही प्रकार आहेत आणि तो नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो, हे नैयायिकांनी किती चिकाटीने मांडले! अद्याप न आलेल्या नोंदीचा प्रागभाव, लिहिलेले पान भिजून गेल्यावरचा प्रध्वंसाभाव, जिथे मापकच कधी नव्हता तिथला अत्यंताभाव. आणि जुन्या तक्त्यांत हरवलेल्या मूल्याची खूण म्हणून लिहिलेला उणे नऊशे नव्याण्णव पाहिला की मला अन्योन्याभाव आठवतो, कारण तो आकडा आहे, पण पाऊस नव्हे. भाट्ट मीमांसकांनी तर अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, मात्र एका अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. पर्जन्यमापकाजवळ दिवा लावणारी ही अट आहे. यंत्र धड होते, पाहणारा जागेवर होता, आणि पाणी दिसले नाही, तरच शून्य लिहिण्याचा अधिकार पोहोचतो.

मग रिकाम्या जागा भरूच नयेत काय? असे मला वाटत नाही. आवणी झाल्यावर खाचरात काही रोपे मरतात, आणि आठ-दहा दिवसांच्या आत, त्याच वाणाच्या, त्याच वयाच्या रोपांनी नांग्या भरल्या जातात; उशीर झाला की भरलेले रोप मागे राहते आणि सारे शेत एका वेळी पिकत नाही. पर्जन्यविज्ञानातही आसपासच्या केंद्रांचे त्या दिवसाचे आकडे, त्यांच्या आणि आपल्या केंद्राच्या वार्षिक सरासरीच्या गुणोत्तराने तोलून, हरवलेला आकडा अंदाजण्याची पद्धत आहे; तिच्यातही वाण आणि वय पाहण्याचीच ही काळजी आहे. पण खाचरात लावलेले रोप खरे असते, त्याला ओंबी येते. तक्त्यात भरलेला आकडा कितीही विवेकाने काढला तरी तो अनुमानच राहतो, आणि शेजारच्या खऱ्या आकड्यांत मिसळला की काही वर्षांनी त्याला वेगळा काढणे कुणालाच शक्य होत नाही.

म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेतले एक काम मला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही पाहावेसे वाटते. वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊ लागली, तेव्हा ज्या पाठाविषयी संपादकांना पुरती खात्री नव्हती त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली गेली, आणि वगळलेले पाठभेद तळटीपांत जपले गेले. निर्णय घेतला आणि त्याची डळमळही वाचकापुढे ठेवली, असा हा दुर्मीळ व्यवहार आहे. डिक्शनरीत अशी रेघ ओढणे अवघड नाही. प्रत्येक तारखेपुढे मिलिमीटरच्या सोबतीला तो आकडा मोजलेला आहे, अंदाजलेला आहे की मिळालेलाच नाही, एवढे एक जास्तीचे मूल्य असावे. मूळ ‘नन’ न पुसता भरलेला आकडा निराळ्या प्रतीत ठेवावा. आणि जुलैची एकूण बेरीज छापताना तिच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, किती दिवसांची नोंद नाही तेही छापावे. उद्या एखाद्या दप्तरात त्या दिवसाचे खरे पान सापडले, तर ते कुठे बसवायचे हे मग कुणाला शोधावे लागणार नाही.