हेतूची झडती आणि वेदनेचा हिशेब

मिशनरी सेवेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: यांचा आतला हेतू काय? २०२१च्या नाताळात केंद्रीय गृहमंत्रालयाने मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले आणि जानेवारीत ती पूर्ववत केली. मधल्या दिवसांत जुनेच विधान नव्या जोमाने फिरले: सेवा हे आमिष आणि धर्मांतर हे उद्दिष्ट. इतक्या ठामपणे केलेले विधान कसोटीला लावलेच पाहिजे. त्यासाठी येमेनमधल्या एडनला जावे लागते.

येमेनच्या १९९४च्या दंडसंहितेनुसार इस्लाम सोडणे हा देहदंडाचा गुन्हा आहे. मदर तेरेसांच्या धर्मभगिनी त्या देशात १९७३ मध्ये गेल्या, त्याही तिथल्या सरकारच्या निमंत्रणावरून. १९९८ मध्ये होदेइदा शहरात त्यांच्यातल्या तिघींची हत्या झाली, तरी काम थांबले नाही. एडनच्या शेख उस्मान भागात निराधार वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी त्यांचा आश्रम होता. २०१५च्या वसंतात सौदी आघाडीचे बॉम्बहल्ले सुरू झाले. भारताने ‘ऑपरेशन राहत’मधून साडेचार हजारांहून अधिक नागरिकांना तिथून बाहेर काढले. या भगिनींनाही निघता आले असते. पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कोणत्याच जहाजात जागा नव्हती, म्हणून त्या राहिल्या.

४ मार्च २०१६ रोजी बंदूकधारी आश्रमात शिरले आणि त्यांनी १६ जणांना ठार केले. त्यांत चार धर्मभगिनी होत्या: दोघी रवांडाच्या, एक केनियाची, एक झारखंडची. येमेनी आणि इथिओपियन मदतनीसही होते. केरळचे फादर टॉम उळुन्नालिल यांचे अपहरण झाले; ओमानच्या मदतीने त्यांची सुटका व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला.

जिथे कोणाला ख्रिस्ती करणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे, तिथे ४० वर्षांहून अधिक काळ जखमा धुणाऱ्या बायका कोणते आमिष टाकत होत्या? ‘सगळी सेवा म्हणजे आमिषच’ हे सरसकट विधान एडनमध्ये कोसळते. अन्यत्र कुठे सक्ती वा फसवणूक झाली असेल, तर ती त्या त्या जागी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागेल.

मात्र हेतू शुद्ध ठरला की सेवाही चांगली ठरली, असे मानणे ही श्रद्धावंतांची सवय आहे, आणि तीही तितकीच घातक आहे. मदर तेरेसांवर टीका करणाऱ्या ख्रिस्तोफर हिचेन्सच्या १९९५च्या पुस्तकाचा गाजावाजा फार झाला. त्याहून खोल घाव घातला होता तो आदल्या वर्षी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांच्या एका छोट्या लेखाने. कोलकात्यात कालीघाटला १९५२ मध्ये सुरू झालेले मदर तेरेसांचे मरणासन्नांसाठीचे ‘निर्मल हृदय’ त्यांनी स्वतः पाहिले. तिथली स्वच्छता, जखमांची निगा आणि माया त्यांनी मोकळेपणाने नोंदवली. त्याचबरोबर त्यांनी हेही लिहिले की बरा होऊ शकणारा रोगी आणि मरणासन्न रोगी यांच्यात तिथे फरक केला जात नाही, निदानासाठी साध्या पद्धतीही वापरल्या जात नाहीत आणि तीव्र वेदनेवर प्रभावी औषध नाही. वेदनेने तळमळणाऱ्याचा हात धरणे मोलाचे आहेच, पण वेदना थांबवता येत असताना नुसताच हात धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

फॉक्सना ‘लॅन्सेट’मध्येच उत्तर मिळाले. भारतातल्या कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या गिली बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष एकट्या कालीघाटचा नव्हता. डॉक्टरांना वेदनाशमनाचे शिक्षण नव्हते, औषधे दुर्मीळ होती आणि कायदे कमालीचे कडक होते. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की मोठमोठ्या रुग्णालयांनीही ते ठेवणे सोडले. हे उत्तर खरे आहे. तरीही जगभर मान असलेल्या संस्थेने त्या कुंपणाविरुद्ध आवाज उठवला असता, तर दिल्लीला तो ऐकावा लागला असता.

वेदनेच्या या प्रश्नाला उत्तरही ख्रिस्ती परंपरेतच तयार होते. सिसिली सॉन्डर्स नर्स होत्या, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या, त्याही श्रद्धेच्याच ओढीने. १९५८ पासून लंडनच्या हॅकनीमध्ये धर्मभगिनी चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्नांच्या शुश्रूषागृहात, त्यांनी काम केले. तिथे सेवाभाव भरपूर होता. सॉन्डर्स यांनी त्याला नोंदवही आणि घड्याळ यांची जोड दिली: वेदना उफाळून येण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेला मॉर्फिन द्यायचे, परिणाम लिहून ठेवायचा. १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारले आणि जगभरच्या उपशामक उपचारांना वळण लागले. हॅकनीच्या भगिनींच्या प्रार्थनेत त्याने काहीही उणे झाले नाही.

मुंबईलाही हे परके नाही. वांद्र्याचे ‘शांती अवेदना सदन’ हे देशातले पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये सुरू झाले. शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते स्थापले आणि सेवेची धुरा धर्मभगिनींनी घेतली. २०१४ मध्ये १९८५चा कायदाही दुरुस्त झाला आणि मॉर्फिनसाठी राज्याच्या एकाच अधिकाऱ्याची मान्यता पुरेशी ठरली. तेव्हा आज निराधारांच्या कोणत्याही आश्रमात, तो चर्चचा असो, मठाचा असो की नगरपालिकेचा, तपासणीला जाणाऱ्याने औषधांचे कपाट उघडून पाहावे: रात्री कण्हणाऱ्या म्हातारीला इथे मॉर्फिन मिळते का, ते द्यायला शिकलेली नर्स आहे का, आणि नसेल तर परवान्यासाठी अर्ज तरी कोणी केला आहे का?