शिपायालाही अपील हवे का?



आमच्या वस्तीतल्या एका पोराला पोलीस शिपायाने विनाकारण झोडपले. फिर्याद दिलीच, पण मंडळी माझ्याकडे आली. "गुरुजी, अर्ज लिहा. चौकशीबिवकशी नको, त्याला उद्याच घरी बसवा." मीही संतापलो होतो. तसाच अर्ज लिहिला. बत्तीस सह्या झाल्या.

रात्री झोप येईना. दोन घरे सोडून आपल्याच एका भावाचा मुलगा शिपाई आहे. उद्या कोणी त्याच्यावर खोटा आळ घेतला, तर तेव्हाही चौकशी नको असे तुम्ही म्हणाल का?

१९३५ च्या कायद्याने सरकारी नोकराला बडतर्फीपूर्वी बाजू मांडायची संधी दिली. पण खालच्या दर्जाच्या पोलिसांना त्यातून वगळले. बाबासाहेब ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने हा भेद ठेवला नाही. कलम ३११ कलेक्टरला आहे तसेच शिपायाला. नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने त्याला काढायचे नाही. दोषारोप सांगून, त्याचे ऐकून, मगच शिक्षा. त्यामुळे फौजदाराची मर्जी फिरली म्हणून शिपायाची भाकरी जात नाही. पुढे वरिष्ठांकडे अपील आहे. १९९१ पासून महाराष्ट्रात प्रशासकीय न्यायाधिकरणही आहे. काही प्रसंगी चौकशीशिवाय बडतर्फीची मुभा घटनेतच आहे. १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, पण अपिलाचे दार बंद केले नाही.

आपल्याला हे परके वाटू नये. गैरहजर भिक्षूवर संघाने कारवाई करू नये, हा तथागतांचा नियम चुल्लवग्गात आहे.

तुम्ही म्हणाल, ही तर मारणाऱ्याची ढाल झाली! तसे होते, नाकारत नाही. चौकश्या रेंगाळतात, साक्षीदार भितात. पण एक कडू गोष्ट बोलतो. 'चौकशी नको' म्हणताना आपणही स्वतःसाठी एक सवलत मागत असतो. चौकशी झाली तर साक्षीला जावे लागेल, त्या शिपायाच्या उलट प्रश्नांना त्याच्यासमोर उत्तरे द्यावी लागतील. ते टळावे असे आपल्याला वाटते.

सकाळी मी पहिला अर्ज फाडला. नव्यात लिहिले: चौकशी लवकर करा, तोवर त्याला या ठाण्यातून हलवा, आमचे साक्षीदार पुढीलप्रमाणे. मग साक्षीदारांची नावे विचारली. बत्तिसांतून तीन आली. पहिले पोराच्या आईचे.