आजीला सांगा

तुरुंगातून चोरून बाहेर पाठवलेली एक छोटी चिठ्ठी. लिहिणारी सतरा वर्षांची, मृत्युदंडाची शिक्षा झालेली. तिने लिहिलं होतं की मरावं लागतंय याचं वाईट वाटतंय. आणि आजीला सांगा, जसं वागायला हवं होतं तशी मी वागले.

या मुलीचं नाव दानुता शेजिकुवना. पोलंडच्या भूमिगत सैन्यात तिला ‘इन्का’ म्हणत. 28 ऑगस्ट 1946 रोजी ग्दान्स्कच्या तुरुंगात तिला गोळ्या घालण्यात आल्या. अठरावा वाढदिवस सहा दिवसांवर आला होता.

गेले काही दिवस ती चिठ्ठी मनातून जात नाही. शेवटच्या घटकेला तिने पोलंडचा जयजयकार केला, हे मी वाचलं आहे. पण हातात कागद आला तेव्हा तिने हिशेब दिला तो आजीला. ‘वागायला हवं तसं’ म्हणजे कसं, हेही चिठ्ठीत समजावलेलं नाही. आजीला ते समजावण्याची गरज नव्हती.

इन्का वनरक्षकाची मुलगी. बियावोव्येझाच्या त्या अफाट जुन्या जंगलाच्या कडेला वाढलेली, तीन बहिणींतली मधली. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनी पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघ पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले. 1940 मध्ये सोव्हिएतांनी वडिलांना सैबेरियात नेलं. तिथून ते जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर इराणपर्यंत पोहोचले आणि 1943 मध्ये तेहरानला वारले. पुढे तो भाग जर्मनांच्या हाती गेला. आई भूमिगत चळवळीला मदत करायची, तिला जर्मनांच्या गेस्टापोने पकडलं आणि त्याच 1943 च्या सप्टेंबरमध्ये मारलं. मुली आजीपाशी राहिल्या. आईला जाऊन तीन महिने झाले असतील-नसतील, डिसेंबरात पंधरा वर्षांच्या दानुताने मोठ्या बहिणीसोबत ‘आर्मिया क्रायोवा’ या भूमिगत सैन्याची शपथ घेतली.

तिला परिचारिकेचं शिक्षण मिळालं. ती लढली ती मुख्यतः पट्ट्या आणि औषधं घेऊन. महायुद्ध संपलं, पण पोलंडमध्ये सोव्हिएतांच्या आश्रयाने आलेल्या नव्या सत्तेने कालच्या भूमिगत सैनिकांचीच धरपकड सुरू केली. जून 1945 मध्ये इन्कालाही अटक झाली. नेत असताना वाटेत साथीदारांनी तिला सोडवलं, आणि ती ‘वुपाश्का’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेजर शेंजेलाश यांच्या ब्रिगेडमध्ये गेली. जुलै 1946 मध्ये औषधं आणायला तिला ग्दान्स्कला पाठवलं होतं. तिथे ती पकडली गेली.

खटला एका दिवसात उरकला. मिलिशियाच्या माणसांना, म्हणजे नव्या राजवटीच्या पोलिसांना, गोळ्या घालायला तिने सांगितलं, असा आरोप होता. त्याच मिलिशियातल्या एका जखमी माणसाने न्यायालयात सांगितलं की या मुलीने माझ्या जखमेवर उपचार केले. शत्रूचा गणवेश घातलेल्या माणसाचं रक्त तिने थांबवलं होतं, आणि त्यानेही ते, बोलणं धोक्याचं असताना, उघड सांगितलं. निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. 3 ऑगस्टला मृत्युदंड सुनावला गेला.

मग आला दयेचा अर्ज. वकिलाने तो तयार केला होता, तिला वाचवण्याच्याच हेतूने. पण त्यात तिच्या साथीदारांचा उल्लेख ‘टोळी’ असा होता. इन्काने सही केली नाही. अर्ज तिच्या सहीविनाच राष्ट्राध्यक्ष बिएरूत यांच्याकडे गेला आणि फेटाळला गेला.

इथे मी अडखळतो. माझी मुलगी त्या कोठडीत असती तर तिच्या पाया पडून मी म्हटलं असतं, बाळ, सही कर. टोळी म्हण, दरोडेखोर म्हण, काय वाटेल ते म्हण, पण जिवंत राहा. आणि असं म्हणणारा बाप चुकला, असं मला आजही वाटत नाही. म्हणूनच इन्काची गोष्ट मुलांना ‘अशा व्हा’ म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. सतरा वर्षांच्या पोरीकडून असल्या मरणाची अपेक्षा करण्याचा हक्क कुठल्याही मोठ्या माणसाला नाही. त्याच पोलंडमधल्या भूमिगत स्काउट संघटनेला हे उमगलेलं होतं. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना ते लढाईत उतरवत नसत. जर्मनांविरुद्धच्या 1944 च्या वॉर्सा उठावात ही मुलं पत्रं पोहोचवत होती, आणि तेही कमी जोखमीचं नव्हतंच.

इन्काने मात्र कोणाच्या अपेक्षेवरून हे केलं नाही. ज्यांच्या जखमा तिने बांधल्या, ज्यांच्याबरोबर ती जंगलात झोपली, त्यांच्याबद्दल खोटा शब्द तिला लिहायचा नव्हता, एवढंच.

तिच्या ब्रिगेडचा सगळा इतिहास मात्र निष्कलंक नाही. जून 1944 मध्ये लिथुआनियातल्या दुबिंगियाय भागात या ब्रिगेडच्या लोकांनी लिथुआनियन गावकऱ्यांना, त्यांत बायका-मुलांनाही, मारलं होतं. इन्का त्यानंतर ब्रिगेडमध्ये आली, त्या हत्यांशी तिचा संबंध नाही. पण तिच्या चेहऱ्याआड ते मृतदेह झाकले जाऊ नयेत. एका मुलीचं धैर्य हे तिच्या सेनापतीचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

शिक्षेच्या वेळी हजर असलेल्या धर्मगुरूंनी सांगून ठेवलं आहे की गोळीबार पथकातल्या सैनिकांनी काही पावलांवरून नेम चुकवला. मुद्दामच. शेवटी अधिकाऱ्याने पुढे होऊन गोळी झाडली. त्या सैनिकांना बंदूक फेकून देणं जमलं नाही. जेवढं जमलं तेवढं त्यांनी केलं. मला त्यांचीही आठवण राहते.

1991 मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. 2014 मध्ये ग्दान्स्कच्या दफनभूमीत खुणेविना पुरलेले तिचे अवशेष सापडले, आणि 28 ऑगस्ट 2016 रोजी, मरणाला बरोबर सत्तर वर्षं झाली त्या दिवशी, सरकारी इतमामात तिचा अंत्यविधी झाला.

तिच्या वडिलांना ज्या हद्दपारीत नेलं, तिच्यात वनरक्षकांची अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरियाच्या गाड्यांत कोंबली होती. वाटेत, छावण्यांत कितीतरी मेली. जी इराणपर्यंत तगली, त्यांतली काही पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आज जिथे गांधीनगर आहे, तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. इन्काच्या घरातून एकट्या बापाला न नेता सगळ्यांना नेलं असतं, आणि ती पोर त्या प्रवासातून वाचली असती, तर 1946 च्या ऑगस्टमध्ये ती कदाचित वळिवड्याच्या शाळेत बाकावर बसलेली असती. वहीत मान घालून, बाहेर कोल्हापूरचा पाऊस.