दानाच्या आधीचे देणे

परमुलखात गेलेल्या प्रवाशाची दृष्टी स्वतःच्या गावातल्यापेक्षा अधिक निर्मळ असते. गावच्या देवळाच्या पायरीवरील याचक रोज पाहून डोळ्यांच्या सवयीचा झालेला असतो. परक्या नगरीत मात्र प्रासाद आणि झोपडी एका प्रवासात दिसली की मन थबकते आणि विचारते, हे असे का? ज्याला आपण दैव म्हणतो, ते खरोखर दैवच आहे काय?

हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्याची झुंबरे पाहणाऱ्यास सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या वैभवाच्या कथा ऐकावयास मिळतात. १९३७ साली अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा ते कागद उडू नयेत म्हणून वजनासारखा ठेवीत, असे सांगतात.

त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, राजधानीपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, आदिलाबादचे अरण्य होते. तेथील गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत. परंतु त्यांपैकी पुष्कळांजवळ पट्टा नव्हता. पट्टा नाही म्हणून जमीन सरकारची ठरली. काही राखीव वनात गेली, काही बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या हाती पडली. त्या नवागतांत आपल्या भाषेचे लोकही होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी उभे राहिलेले कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एकाजवळ कागदांवर ठेवावयास हिरा होता. दुसऱ्याजवळ कागदच नव्हता. हे दैव नव्हे, ही माणसाने केलेली व्यवस्था होय.

कोणी म्हणेल, निजामांचा हात दानाला आखडता नव्हता. खरे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी साहाय्य केले. तेथील अतिथिगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याबद्दल आपण कृतज्ञच असावे. पण त्या दानाने गोंडाचे शेत परत आले काय? दान दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते. न्याय हा मागणाऱ्याचा हक्क असतो. कर्तव्य म्हणून, देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान गीतेने सात्त्विक मानले आहे. पण त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा: जे मी देत आहे, ते माझेच आहे काय?

भीम यांच्या मृत्यूनंतर राज्याला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ गोंडांत, मारलवाई गावी राहिले. तेथे गोंडी शिक्षक तयार करण्याचे काम सुरू झाले आणि अनेक कुटुंबांना पट्टे मिळाले. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांनी लोकांच्या दारी जाऊन गाऱ्हाणी ऐकावी, ही त्यामागील कल्पना. याच जत्रेसाठी पौष महिन्यात मेस्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी आणतात. २०२२ साली पूर्ण झालेले नागोबाचे नवे मंदिर त्यांनी आपसांतील वर्गणीतून उभारले. ज्यांना आपण याचक समजतो, तेही दाते असतात. त्यांना भिक्षा नको असते, हिशेब हवा असतो.

आदिलाबादकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण देणारा कायदा १९७५ साली करावा लागला. कोकणात आणि देशावरही कुळांच्या हक्कांसाठी कायद्याचाच आधार घ्यावा लागला. या जमिनींच्या मालकांत देवभक्त कमी नव्हते, आणि देवस्थानेही होती. भक्तीने त्यांना दान शिकविले. देणे चुकते करण्यास मात्र पुष्कळदा कायदाच यावा लागला.

आपल्या देवळांतील अन्नसंतर्पणे अवश्य व्हावीत. भुकेल्याच्या मुखी घास घालणे हे पुण्यच. परंतु पावती करण्यापूर्वी प्रत्येकाने घरातील वही उघडावी. गड्याची मजुरी राहिली आहे काय? कुळाच्या नावे जे चढावयास हवे, ते चढले आहे काय? ते देणे फिटल्यावर जे उरेल, तेच दान.