उन्मळलेल्या झाडांचा शोक

वादळाने पाडलेल्या झाडाचा शोक केवळ बुडालेल्या उत्पन्नाचा नसतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि श्रीवर्धनच्या वाड्यांतले माड नि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. म्हाताऱ्या बागायतदाराला ती फार लांबची वाटतात.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाच्या सभेत माणसाला वृक्षाची उपमा देतात: त्वचा ही साल, रक्त हा रस. मग विचारतात, तोडलेले झाड मुळापासून पुन्हा फुटते. मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळातून उगवणार? सभा निरुत्तर होते. पोफळीपाशी हा दृष्टांत अधिकच बोचतो. तिला कोंब एकच, तोही शेंड्याला. शेंडा मोडला की बुंध्याला धुमारा येत नाही. इथे झाडच माणसासारखे ठरते.

गीतेच्या पंधराव्या अध्यायातले असंगाचे, म्हणजे अनासक्तीचे, शस्त्र संसाररूपी अश्वत्थ तोडण्यासाठी आहे. आजोबांनी लावलेल्या माडाबद्दल कोरडे राहायला त्याचा आधार घेणे चूक. तुकोबांनी झाडांना सोयरे मानले. सोयरा गेल्यावर रडणे हे अज्ञान नव्हे.